लाल नट

सोळा दिवस मॅव्हिसची सकाळची प्रार्थना एकाच शब्दापाशी अडत होती: 'आमचे अपराध आम्हांला क्षमा कर' यातला अपराध. तिथवर ओठ हलत, पुढे जीभ वळत नसे.

मागच्या शेडमध्ये तो ट्रक उभा होता. लष्कराने मोडीत काढलेला, तिच्याहून थोडाच लहान. तिचा नवरा क्लिफर्ड आणि त्याचा जिवाभावाचा मित्र डेस्मंड, दोघांनी अकरा वर्षं दर शनिवारी त्याच्याखाली लोळून तो पुन्हा चालता केला होता.

त्याची चाकं दोन तबकड्या जोडून केलेली. आतल्या वर्तुळातले नट सोडले की चाक गाडीवरून उतरतं. बाहेरचे सोडले की तबकड्याच सुटतात, आणि टायरमध्ये हवा भरलेली असेल तर समोरच्या माणसाला घेऊन उडतात. म्हणून आतले नट हिरवे ठेवून बाहेरचे लाल रंगवायची सैन्यातली रीत. नवीन माणूस दिसला की डेस्मंड बजावायचा, "हिरव्याशी लग्न लाव, लालकडे बघूसुद्धा नकोस!"

जूनमधल्या जत्रेत जुन्या लष्करी गाड्यांना बक्षीस होतं. पुरुष सुटे भाग आणायला गेले असताना मॅव्हिसने चाकं रंगवून ठेवली. पोपडे धरलेले ते लाल ठिपके गोवर उठल्यासारखे दिसत होते. तिने सगळं एकसारखं हिरवंगार केलं. क्लिफर्ड लांबूनच म्हणाला, "वा! बक्षीस आपलंच."

चार दिवसांनी डेस्मंड एकटाच पाना घेऊन चाक काढायला बसला. शेडमधल्या धमाक्याने स्वयंपाकघरातल्या फडताळातले कप खाली आले, तेव्हा मॅव्हिसला कळलं.

उडालेल्या चाकाच्या जागी क्लिफर्डने जादाचं चाक बसवलं होतं. आज डेस्मंडला मातीत ठेवायचं होतं. सकाळीच त्याची बायको आयरीन काळा कोट घालून आली.

"शवपेटी याच ट्रकवर ठेवा. त्याला आवडलं असतं," ती म्हणाली. चहाला तिने हात लावला नाही. "मॅव्हिस, खरं सांग हं. त्याचं डोकं काम देईनासं झालं होतं का गं? जुन्या गाड्यांच्या क्लबातले कुजबुजतात. म्हातारा स्वतःचाच धडा विसरला म्हणतात. मी त्याच्याशेजारी झोपत होते, मला कसं कळलं नाही?"

मॅव्हिसने बोलायला तोंड उघडलं.

"घाई नडली, आयरीन," क्लिफर्ड पटकन म्हणाला. "कुणाचंही होतं."

ती गेल्यावर मॅव्हिसने विचारलं, "तुला ठाऊक आहे ना?"

क्लिफर्ड बुटांच्या नाड्या बांधत राहिला. "पोलिस गेल्यावर एक नट नखाने खरवडून पाहिला. खाली लाल होतं."

"आणि तू गप्प बसलास?"

"बोलून तो उठून बसणार आहे का? तुझी बाजू राखली, बाई. आता तू पण गप्प राहा."

मॅव्हिस उठली. शेडमधल्या फळीवरून लाल रंगाचा लहान डबा काढला आणि चर्चच्या कपड्यांतच गुडघ्यांवर बसली. एकेक नट. रंग तबकडीवर ओघळत होता.

क्लबातल्या गाड्या अंगणात आल्या तेव्हा शेवटचं चाक चाललं होतं. जुन्या गणवेशांतले म्हातारे जागच्या जागी थबकले. त्यांच्यातून वाट काढत आयरीन पुढे आली.

"आज कसली गं रंगरंगोटी?"

"लाल होते," मॅव्हिस म्हणाली. "मीच झाकले. तो गेला त्याच्या चार दिवस आधी. छान दिसावं म्हणून."

आयरीनने वाकून एका नटाला बोट लावलं. बोट लाल झालं.

"म्हणजे तो विसरला नव्हता."

"नाही. त्याने हिरवेच सोडले."

आयरीनने मागे वळून साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ऐकलंत ना? माझा नवरा विसरला नव्हता." मग मॅव्हिसकडे न बघता, "त्याला दुसऱ्या गाडीवर ठेवा. आणि ही बाई कबरीपाशी मला दिसायला नको."

शवपेटी न्यायला सुरू केलेलं ट्रकचं इंजिन क्लिफर्डने बंद केलं. गाड्या एकामागून एक फाटकाबाहेर पडल्या. मॅव्हिस तिथेच गुडघ्यांवर होती. तिने प्रार्थना सुरू केली. त्या शब्दाशी आली, तो उच्चारला, आणि उरलेले तीन नट रंगवायला घेतले.