त्रेचाळीस नंबरची हजेरी

वर्गात मुलं अडुसष्ट आणि बाई एकच. हजेरी घेताना बाई मान वर करत नसत. करणार तरी कशा? नंबर पुकारायचा, "हजर" ऐकू आलं की बरोबरची खूण करायची, पुढचा नंबर. त्यामुळे शेजारच्याची हजेरी लावायची या वर्गाची जुनीच रीत. त्यात रेडिओचा हात धरणारं कुणी नव्हतं. तोंड कधी बंद नसायचं म्हणून हे नाव. आवाजही चार तऱ्हेचे काढायची पठ्ठी!

तर या रेडिओनं आपल्या बाकावरच्या ढापणीची हजेरी सलग अकरा दिवस लावली. हजेरी कमी भरली तर बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म जात नाही. मैत्रिणीचं वर्ष वाया जाऊ द्यायचं? छे!

ढापणी जाड भिंगांची, गणितात कायम पहिली. पण सराव परीक्षेत तिनं कोरा पेपर दिला. "सगळं येत होतं गं. हातच हलेना," एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायची बंद झाली.

शाळा सुटली की रेडिओ तिच्या घरी जाई. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात, सकाळी सहालाच बाहेर पडायची. पोरगी शाळेत जाते, अशीच त्या माउलीची समजूत. इकडे ढापणी भिंतीकडे तोंड करून पडलेली, डबा तसाच. रेडिओ वर्गातल्या सगळ्या भानगडी रंगवून सांगे, पण हसायचं नाव नाही. अकराव्या दिवशी ढापणी म्हणाली, "मी नसले तर कुणाचं काय अडतंय? बाईंनी तरी विचारलं का?"

तेव्हा कुठे रेडिओच्या ध्यानात आलं. बाई विचारणार कशा? त्यांच्या लेखी ढापणी रोज हजर होती! अगं बाई, म्हणजे आपणच तिला लपवून ठेवलं की.

फॉर्मची यादी त्याच आठवड्यात जायची होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुकारलं, "त्रेचाळीस."

रेडिओ गप्प.

"त्रेचाळीस!" मागच्या बाकावरच्या एकीनं मदतीला तोंड उघडलं, तर रेडिओनं असे डोळे वटारले की ती जागीच गार झाली. बाईंनी मान वर केली.

"ती नाहीये बाई. बारा दिवस नाहीये. हजेरी मी लावत होते." रेडिओला रडू आवरेना. "फॉर्मचं काय व्हायचं ते होऊ दे, पण तिच्याकडे बघा हो. मला फार भीती वाटते."

"तुझ्याकडे नंतर बघते," बाई कडाडल्या. मग हजेरीपटावरच्या त्या अकरा खुणांकडे बघत बसल्या. त्यांचेही डोळे भरून आले होते.

मधल्या सुट्टीत दोघी ढापणीच्या घरी गेल्या. बाई तिच्या अंथरुणापाशी जमिनीवरच बसल्या.

"चुकलं माझं. मान वर करून बघायला हवं होतं. मोठ्या बाईंशी फॉर्मसाठी मी भांडेन, ते माझ्यावर सोड. संध्याकाळी आई आली की आपण डॉक्टरांकडे जाऊ. हात हलत नाही म्हणजे तू ढ झालीस असं नाही गं."

भिंतीकडचं तोंड काही वळलं नाही. मग बाईंनी हाक मारली, नंबरानं नव्हे, तिच्या नावानं.

सवयीनं रेडिओच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि वाट पाहिली.

"हजर, बाई," म्हणत ढापणी वळली आणि उशाशी चष्मा चाचपू लागली.