भिंगरीचा दोरा

“बसा सगळे! आज जो जांभई देईल त्याला यानाबाहेर ढकलणार!”

“सगळे म्हणजे कोण, बाबा? मी एकटीच तर बसलेय,” मुलगी हसली. “आई शिलाई मशीनवर आहे.”

लिफ्टदुरुस्तीवाल्याने आज इस्त्रीचा शर्ट घातला होता. नखांतलं ग्रीस घासून घासून काढलं होतं. त्याच्या तरुणपणी टीव्हीवर लागायची ती ‘भिंगरीची सफर’ मालिका आज नव्याने सुरू होणार होती, आणि ती बापाबरोबर बघायला लेक सुट्टी काढून आली होती.

जुनी भिंगरी म्हणजे पत्र्याचं अवकाशयान. काळ्या कापडाला टोचून केलेल्या चांदण्या, आणि त्यांच्यातून पांढऱ्या दोऱ्याला लटकून, स्वतःभोवती हळूच गिरक्या घेत निघालेली ती. कुठल्याही ग्रहावर उतरताना तिचा कप्तान टोपी काढून विचारायचा, “येऊ का?” लिफ्टवाल्याने ते जन्मभर पाळलं. लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात उतरताना तोही वाकून विचारी, “येऊ का?” सोबतचे हसत. तोही हसे, पण विचारल्याशिवाय पाय टाकत नसे.

जुने भाग बापलेकींनी किती वेळा पाहिले असतील! त्यात एक खेळ असे. दोरा ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं, “दोरा!” हरणाऱ्याने चहा करायचा. बाप हटकून जिंके. शिंपीण बायको मात्र मशीनवरून मान वर करत नसे. म्हणे, “चालू द्या तुमचं पत्र्याचं पाखरू.”

नवी मालिका सुरू झाली. लखलखाट झाला. धडाम, धुडूम! नवी भिंगरी बाणासारखी सुसाट सुटली. गिरकी म्हणून घेतली नाही. पहिल्याच ग्रहावर कप्तानाने लाथ मारून दार उघडलं.

“अरे, विचार की!” लिफ्टवाला पडद्याला म्हणाला.

कप्तानाने विचारलं नाही. गोळ्या झाडल्या. भाग संपेपर्यंत झाडतच होता.

“चित्रण छान होतं ना, बाबा?” मुलगी चाचरत म्हणाली.

“छान होतं गं. कुणाचं होतं कोण जाणे.”

तो उठला. जुन्या लिफ्टच्या बटणांच्या पत्र्यातून त्याने स्वतः एक भिंगरी बनवली होती. ती टीव्हीवरून उचलून त्याने मोडक्या बोल्टांच्या पिशवीत टाकली.

“बाबा! हे काय?”

“भंगारवाल्याला देऊ. पुरे झाला पोरकटपणा.”

शिवणयंत्र थांबलं.

“दोरा कुठाय?” शिंपीण कडाडली.

“कसला दोरा?”

“भिंगरीचा! अख्खा भाग बघितला मी, एकदा तरी दिसावा! एकेरी दोरा होता तो. पीळ सुटायचा, म्हणून फिरायची बिचारी. मेल्यांनी भिंगरीची गिरकीच काढून घेतली!”

दोघांनी एकदमच मशीनकडे वळून बघितलं.

“तू बघायचीस?” लिफ्टवाल्याने विचारलं.

“शिंपिणीला दोरा दिसणार नाही होय? तुमच्या आधी दिसायचा.”

“मग ओरडली का नाहीस?”

“तुम्ही ओरडायचात तेव्हा स्वतःचं तोंड बघायला हवं होतंत. दिवाच लागायचा.” तिने उगाच सुई शोधली. “आणि तुम्ही हरलात तर चहा तुम्ही करणार. तो प्यायचा कोणी?”

लेक हसता हसता सोफ्यावरून घसरली. लिफ्टवाला हसत होता आणि इस्त्रीच्या बाहीने डोळे पुसत होता.

“आणा ती पिशवी इकडे,” शिंपीण म्हणाली.

तिने रिळातून हातभर पांढरा दोरा तोडला.

“काळा घे ना आई, म्हणजे दिसणार नाही.”

“दिसू दे.”

लिफ्टवाल्याने स्टुलावर चढून मशीनच्या वर, छताच्या हुकाला भिंगरी बांधली. हात सोडला. क्षणभर ती तशीच थबकली, मग पीळ सुटू लागला. एक गिरकी. दुसरी. बटणांच्या जागची भोकं उजेडात चांदण्यांसारखी चमकली.

तो तोंड उघडणार, इतक्यात शिंपीण ओरडली, “दोरा!”

तो स्टुलावरून मुकाट उतरला आणि चहा टाकायला गेला.

तीन कप घेऊन परतला तेव्हा दारातच थांबला. टोपी नव्हती, म्हणून मान जराशी वाकवली.

“येऊ का?”

“या,” शिंपीण म्हणाली. तिची मान वरच होती. भिंगरी अजून फिरत होती.