गठ्ठी बसून निघाली

गठ्ठी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती सात महिन्यांची असताना एकदा घरी कोणी नव्हतं म्हणून आई तिला कामावर घेऊन गेली. आई बाइंडिंगच्या कारखान्यात शिलाईवर होती. छापून आलेले कागद घडी घालून, जुळवून, गठ्ठे बांधून भिंतीला लावलेले असत. त्या गठ्ठ्यांच्या शेजारी सतरंजी घालून आईने तिला बसवलं आणि सुई हातात घेतली. पोर दोन तास बसून राहिली. कलंडली नाही, रडली नाही, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत राहिली. कटिंग मशीनवरचा कारागीर चहाला उठला तेव्हा म्हणाला, "बाई, हा एक गठ्ठा कुठल्या पुस्तकाचा गं? शिवायचा राहिला की." सगळे हसले, आईही हसली, आणि नाव पडलं ते पडलंच.

बसण्यात ती पटाईत होती. अडचण एवढीच, की बसण्यापलीकडे काही करायला तिची तयारी नव्हती. पालथी घातली की असा काही सूर लावायची की शेजारची दारं उघडायची. काखेत धरून उभी करायला गेलं की दोन्ही पाय वर उचलून घ्यायची, जणू हवेत कोणीतरी खुर्ची मांडलीय. रांगणं तर तिच्या गावीही नव्हतं. मग अकराव्या महिन्यात तिने स्वतःचीच एक तऱ्हा शोधून काढली. एक हात जमिनीवर टेकवायचा, एक पाय पुढे टाकायचा आणि ढुंगणावर सर्रकन घसरायचं. या चालीने ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या दारापर्यंत इतक्या झपाट्याने जायची की मागे धावावं लागे.

"हे असं काय करते?" गठ्ठीचा बाबा पहिल्यांदा बघून म्हणाला. तो रंगकाम करायचा. हातापायांवर पांढरे ठिपके घेऊनच घरी यायचा.

"जाते," आई म्हणाली. "तिला जायचंय आणि ती जाते."

पण मनातून तिलाही धाकधूक होतीच. कारण दोन गल्ल्या पलीकडे मोठी जाऊ राहायची आणि तिचा मुलगा गठ्ठीपेक्षा फक्त वीस दिवसांनी मोठा होता. तो सातव्या महिन्यात रांगला, आठव्यात सोफ्याला धरून उभा राहिला आणि साडेनवव्या महिन्यात चालायला लागला. यातलं प्रत्येक पाऊल मोबाइलवर चित्रित होऊन घरच्या ग्रुपवर येत असे. खाली कोणी ना कोणी विचारायचंच, "आणि आपली धाकटी? तिचं काय?"

गठ्ठीला वर्ष पूर्ण झालं त्या आठवड्यात जाऊ स्वतः आली. हातात मुलाचा वॉकर होता. चाकांचा, मध्ये पोराला अडकवायची झोळी असलेला.

"आमच्याकडे आता याचं काही काम नाही," ती म्हणाली. "हिला रोज तासभर यात घाल. पायात बळ येईल. नुसती बसवून ठेवलीस ना, म्हणून ही अशी झाली."

"अशी म्हणजे कशी, ताई?"

"अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. मी आपली चांगल्यासाठी सांगते."

बाबाने भीड म्हणून गठ्ठीला वॉकरमध्ये बसवलं. तिने आधी खाली पाहिलं. जमीन हाताला लागेना, ढुंगणाखाली काही टेकेना. तिचा चेहरा लालबुंद झाला आणि तिने घर डोक्यावर घेतलं. आईने तिला उचललं, वॉकर घडी करून जावेच्या हातात दिला.

"घेऊन जा, ताई. ही आधीच बसून फिरते. तिला बसून फिरवायचं यंत्र कशाला हवं?"

जाऊ तोंड फुगवून गेली. बाबा म्हणाला, "इतकं तोडून बोलायची काय गरज होती?"

"होती," आई म्हणाली. पण त्या दुपारी बाबा कामावर गेल्यावर तिने दार लोटलं, गठ्ठीला काखेत धरलं आणि पुन्हा पुन्हा उभं करून पाहिलं. प्रत्येक वेळी पाय वर. दहाव्या वेळी पोर रडायला लागली, तशी आईही रडली. मग तिने डोळे पुसले आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

मुलांच्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी गठ्ठीचे गुडघे, खुबे, पाठ तपासली. हातात ठोकळा दिला, तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो का पाहिलं. उजव्या हातात खुळखुळा अडकवून ठेवला, तर गठ्ठी डावा हात टेकून सरकली. मग टेबलावरचा मनुका तिने चिमटीत उचलून तोंडात टाकला तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या.

"बाई, ही मुलगी ठीक आहे."

"पण रांगत नाही हो."

"काही मुलं रांगतच नाहीत. अशी बसून सरकतात आणि एक दिवस थेट उभी राहतात. ही सरकणारी मुलं चालायलाही बहुतेक वेळा उशीर लावतात. कोणी नवव्या महिन्यात चालतं, कोणी सतराव्या. दोघंही निरोगी असू शकतात."

"मग मी काहीच करायचं नाही?"

"करायचं ना. जमिनीवर मोकळी सोडा, अनवाणी. धरून उभं राहता येईल असं काहीतरी आसपास ठेवा. वॉकर नको, त्याने चालणं लवकर येत नाही, उलट मुलं त्यातून आपटतात. दीड वर्षाची झाली आणि चालत नसेल तर मला दाखवा. शरीराची एकच बाजू वापरायला लागली, किंवा आज जे येतंय ते यायचं थांबलं, तर लगेच या, दीड वर्षाची वाट बघू नका."

आईने हे सगळं कागदावर लिहून घेतलं. घरी येताना तिची पाठ ताठ झाली होती.

ती पाठ पुन्हा वाकवायला पाळणाघर पुढे आलं, आई कामावर असताना गठ्ठी जिथे राहायची ते. गठ्ठी चौदा महिन्यांची झाली तेव्हा तिला मोठ्या खोलीत घालायची वेळ आली. मोठ्या खोलीला अंगणात उघडणारं दार होतं. तिथे घसरगुंडी होती, वाळू होती, पाण्याचा टब होता. लहान खोलीत पाळणे आणि चार-पाच महिन्यांची तान्ही बाळं. पाळणाघर चालवणाऱ्या मॅडमनी त्या वर्षी भिंतीवर एक रंगीत तक्ता लावला होता. डावीकडे मुलांची नावं, वर रकाने: मान धरली, पालथा पडला, बसला, रांगला, उभा राहिला, चालला. जमलं की चांदणी चिकटवायची. गठ्ठीच्या ओळीत 'मान धरली' आणि 'बसला'च्या खाली एकेक चांदणी होती, आणि पुढे सगळं कोरं.

"चालायला लागली की घेऊ मोठ्या खोलीत," मॅडम म्हणाल्या. "नियम आहे."

"तिच्या वयाची सगळी तिकडे आहेत."

"ती चालतात. आणि खरं सांगू? तक्त्यावर मागे दिसली की पालकांनाही जाग येते."

"मी जागीच आहे, मॅडम. डॉक्टरांना दाखवून आलेय."

"मग थोडी मेहनत घ्या घरी."

त्या संध्याकाळी आई जरा लवकर पोचली आणि खिडकीतून आत पाहिलं. तान्ही बाळं झोपली होती. गठ्ठी एकटी बंद दारासमोर बसली होती. पलीकडून पोरांचा दंगा ऐकू येत होता. गठ्ठीने दारावर हात आपटला. थांबून ऐकलं. परत आपटला. आईच्या अंगाची आग झाली.

लहान खोली सांभाळणाऱ्या मावशी बावीस वर्षं तिथेच होत्या. त्यांनी गठ्ठीची पिशवी आणून दिली आणि हळूच म्हणाल्या, "पोर हुशार आहे गं. तिला तिकडे काय चाललंय ते सगळं कळतं." मग जरा घुटमळून त्यांनी कपाटातून एक जाडजूड वही काढली. पुठ्ठा निखळलेला, पानं सुटलेली. "तू बाइंडिंगचं काम करतेस ना? एवढी शिवून देशील?"

"कसली वही?"

"माझीच. पोरांचं लिहिते. आया कामावर असतात, पोर पहिल्यांदा रांगलं की त्यांना दिसत नाही. संध्याकाळी सांगायचं म्हणून लिहून ठेवते. कोण कधी बसलं, कधी चाललं. विसरायला होतं ना."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आईने ती वही सोडवली. पानं लावून घेताना आपसूक वाचली गेली, आणि मग शिलाई बाजूला राहिली. बावीस वर्षांची मुलं. एक आठ महिने वीस दिवसांचं असताना चाललेलं. एक एकोणीस महिन्यांचं. एक आधी उभं राहिलं आणि नंतर रांगलं. जुळ्यांतली एक अकराव्यात चालली, दुसरी पंधराव्यात. एक मागेच रांगायचा, पुढे म्हणून जायचा नाही. 'ढुंगणावर सरकते', 'ढुंगणावर सरकतो', असं तिने सात ठिकाणी मोजलं. मध्येच मावशींचा एखादा शेरा: 'भित्री नाही, आळशी आहे', 'आज चालला आणि आपणच टाळ्या वाजवल्या'.

"काय गं, कादंबरी लागली काय हाताला?" कटिंगवाला म्हणाला.

"त्याहून भारी," ती म्हणाली आणि सुई ओवली. जाड दोऱ्याने दुहेरी शिलाई घातली, नवा पुठ्ठा चढवला, कडा साफ कापून घेतल्या. एवढ्या मनापासून तिने कुठलंच पुस्तक बांधलं नव्हतं.

शनिवारी सकाळी पालकांची सभा होती. आई मावशींना आधी विचारून वही घेऊन गेली. लहानलहान खुर्च्यांवर पंधरा-वीस आईबाप गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मॅडमनी तक्त्याची माहिती द्यायला सुरुवात केली, तशी आई उभी राहिली.

"मला एक वाचून दाखवायचंय. नावं घेणार नाही, नुसते महिने सांगते."

"हे नंतर बघू," मॅडम म्हणाल्या.

"नंतर सगळे घरी जातात."

आणि तिने वाचायला सुरुवात केली. दहा. बारा. सोळा. नऊ. सतरा. साडेतेरा. अठरा. अकरा. सुरुवातीला चुळबुळ झाली. मग एक बाप, गठ्ठ्याएवढी मिशी असलेला, म्हणाला, "थांबा, आमचा पंधराव्या महिन्यातही उभा राहत नाही. मला वाटलं आमचाच एकटा." मागून एक बाई म्हणाली, "माझ्या मोठीने सोळा लावले. आता शाळेत धावते, कोणाला सापडत नाही." खोलीत एकदम बोलणी सुरू झाली. जो तो जणू मनावरचं ओझं खाली ठेवत होता.

"अहो, पण काही तरी मापदंड लागतो," मॅडम आवाज चढवून म्हणाल्या. "एखाद्याला खरंच अडचण असली तर?"

"तर डॉक्टर बघतील. मी दाखवून आलेय, तुम्हीही शंका आली तर पालकांना बाजूला घेऊन सांगा. त्यात मी तुमच्या बाजूने आहे. पण चांदण्या कशाला? आणि पाय चालत नाहीत म्हणून अंगणाचं दार बंद, हा कुठला न्याय? तिला वाळूत बसायचंय. बसता तिला उत्तम येतं."

कोणीतरी हसलं. मॅडम म्हणाल्या, "सतराव्या-अठराव्या महिन्यापर्यंत वाट बघत बसणारे पालक मी नाही पाहिले."

तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या मावशी साध्या सुरात म्हणाल्या, "असं कसं, मॅडम? त्यातला सतरावाला तर तुमचाच की."

"तो... त्याचं वेगळं होतं," मॅडम पुटपुटल्या.

"सगळ्यांचंच वेगळं असतं," आई म्हणाली, आणि वही मिटून खाली बसली.

मॅडमनी तक्ता काढला नाही. तेवढा मोठेपणा त्यांच्याकडे नव्हता. पण सोमवारी गठ्ठीची पिशवी मोठ्या खोलीत गेली. आईने तक्त्यावरची गठ्ठीच्या नावाची पट्टी स्वतःच्या हाताने सोडवली, चांदण्यांसकट. आठवड्याभरात आणखी पाच-सहा आयांनी तेच केलं. उरलेल्यांनी नाही केलं, त्यांना चांदण्या आवडायच्या. गठ्ठी मात्र पहिल्याच दिवशी उंबऱ्यावरून घसरत थेट वाळूत गेली आणि संध्याकाळी घरी आली तेव्हा तिच्या लंगोटात मूठभर वाळू होती.

पुढचे तीन महिने सोपे गेले असं नाही. जाऊ भेटली की विचारायची. बाबालाही भिंती रंगवताना दुसऱ्यांच्या घरातली पोरं चालताना दिसायची ना. एकदा तो म्हणाला, "अठरा जवळ आले गं." आई म्हणाली, "आले तर डॉक्टरांकडे जाऊ. वेळ ठरवून ठेवलीय." तिने खरंच ठरवून ठेवली होती. हट्ट म्हणजे डोळे मिटून बसणं नव्हे, हे तिने स्वतःला बजावलं होतं. आणि कोणी रस्त्यात "अजून नाही?" म्हणालं, की ती "नाही" एवढंच म्हणायची. कारण देत नसे, हसून सावरून घेत नसे.

डॉक्टरांकडे जायला नऊ दिवस असताना, एका रविवारी सकाळी, बाबा दाराला रंग देत होता. गठ्ठी त्याच्या शिडीजवळ बसली होती. तिला रंगाचा डबा हवा होता. तिने शिडीच्या दांडीला धरलं, गुडघा टेकला आणि उभी राहिली. हात सोडला. चार पावलं टाकली, डब्यात पंजा बुडवला, बाबाकडे बघितलं आणि पुन्हा खाली बसली. मग डबा सोडून, ढुंगणावर सर्रकन, पांढऱ्या पंजाचे ठसे उमटवत, आतल्या खोलीत निघून गेली. पुढचे पंधरा दिवस ती अशीच सरकत होती. तिला त्यात जास्त वेग मिळत होता. चालणं तिने आपल्या सवडीने उरकलं.

संध्याकाळी जावेचा फोन आला. बाबाने तिला बातमी दिली असणार.

"अगं, चालली म्हणे! किती महिने किती दिवस झाले नेमके? मी ग्रुपवर टाकते."

"मोजले नाहीत, ताई," आई म्हणाली.

"असं कसं? तारीख तरी सांग."

"तारीख माझ्यापाशी राहू दे. तुमचा कसा आहे?"

पलीकडे काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज झाला. जाऊ कोणावर तरी ओरडली आणि मग थकलेल्या आवाजात म्हणाली, "काय सांगू. आता टेबलावर चढतो."