मधली काच

काचेवर टेकवलेलं बोट तिने झटकन मागे घेतलं. आतून करंगळीएवढी पिवळीजर्द मासोळी थेट त्या बोटावर चालून आली होती.

भाऊजी हसले. पिल्लांवरची आई आहे, म्हणाले, ती आता बापालाही जुमानत नाही. तो बघा, फिल्टरमागे तोंड लपवून बसलाय. घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस एरवी चार शब्द विचारावेत तेव्हा एक देणारा. पण टाकीपुढे उभा राहिला की जिभेला किल्ली दिल्यासारखा सुरू व्हायचा. ही खुज्या जातीची मासळी. उपड्या करवंटीत अंडी घालते. पोटाखालचे पर नुसते उघडमीट केले की जिऱ्याएवढी पिल्लं जिथल्या तिथे वाळूवर बसतात. हाक नाही, धपाटा नाही.

ती ऐकत होती आणि नव्हतीही. कान आतल्या खोलीकडे होते. तिथे मोठी जाऊ तिच्या मुलीला थोपटत होती.

आपल्या मुलीला न्यायला ती आली होती.

बाळंतपणानंतर तिचं मन जाग्यावर राहिलं नव्हतं. दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एकदा बाळ हातात घेऊन ती पाण्याने भरलेल्या टबापाशी नुसती उभी होती, किती वेळ कोण जाणे. नवऱ्याने बाळ काढून घेतलं आणि त्याच संध्याकाळी इथे आणून ठेवलं. मग दवाखाने, गोळ्या, पुन्हा दवाखाने. आता डॉक्टर म्हणतात, बऱ्या आहात. मुलगी चार वर्षांची झाली. मघाशी दारात तिला बघून मुलीने जाऊला विचारलं, ही फोटोतली ना?

सगळे हसले. तीही हसली. हसायला काय लागतं.

नवरा वर आलाच नव्हता. खाली गाडीत बसून होता. वहिनीचा चेहरा बघितला तर माझं काही खरं नाही, म्हणाला होता.

भाऊजींचं चालूच होतं.

"गंमत सांगू? ही पिल्लं हिची नाहीतच."

"म्हणजे?"

हिच्या अंड्यांना दरवेळी बुरशी लागते, ते सांगू लागले. बिचारी करवंटीत बसून परांनी वारा घालते, तोंडाने एकेक अंडं साफ करते, पण छे. पांढरी पडतात. ही पिल्लं त्या पलीकडचीची.

टाकीत मधोमध एक काच उभी होती. पलीकडच्या कोपऱ्यात, वाळूला चिकटून, एक राखाडी मासोळी. हीच जात आहे हे सांगावं लागलं असतं.

नराने तिचे पर कुरतडले होते. जगते की मरते अशी गत. तिला औषधाच्या पाण्यात ठेवलं आणि पिल्लं इकडे सोडली. पिवळीने मोजली नाहीत, चौकशी केली नाही. घेतली पोटाखाली.

"आता बरी आहे ना ती?"

"ठणठणीत."

"मग द्या की परत."

"परत दिली तर खाते," भाऊजी फडक्याने काच पुसत म्हणाले. "एकदा हा पिवळा रंग उतरला की तिला पिल्लं दिसत नाहीत. खाऊ दिसतो."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

मग फडकं थांबलं. घड्याळ उघडताना बारीक स्प्रिंग उडून जावी तसा शब्द सुटला होता. आता गुडघ्यांवर बसून शोधला तरी सापडणार नव्हता. दारात मोठी जाऊ उभी होती. केव्हापासून, सांगता येणार नाही. तोंडावरून वाटलं, बुरशीपासून.

"पुरे तुमचं मासेपुराण," जाऊ नवऱ्याला म्हणाली. मग तिच्याकडे न बघता, "झोपलीय. आत्ताच उचल. गाडी सुटेपर्यंत कळायचं नाही तिला."

हे आधीच ठरलं होतं, दोघी जावांनी फोनवर ठरवलेलं. रडारड नको, दुपारच्या झोपेतच न्यायची. जाऊने मुलीच्या कपड्यांची पिशवी तिच्या हाती न देता स्वतःच्याच खांद्याला लावली आणि सांगत सुटली: दूध कोमट लागतं, केस ओले असताना विंचरायचे नाहीत, आणि झोपेत ती जवळच्याच्या कानाची पाळी धरते. धरू द्यायची. अवघडलं तरी हात काढायचा नाही.

तिने मुलीला उचललं. वाटलं होतं त्याहून जड होती, आणि ऊन. जिन्यात पहिल्याच वळणावर लहानसा हात चाचपडत वर आला, कान सापडला, पाळी धरून निवांत झाला. कोणाचा कान, ते झोपेला ठाऊक नव्हतं.

ती थांबली. मग पायरीवर बसलीच.

"वहिनी, उठवते हिला."

"वेडी आहेस का?" जाऊ म्हणाली आणि तिने जीभ चावली. घाईघाईने पुढे म्हणाली, "रडून बिल्डिंग डोक्यावर घेईल गं."

"घेऊ दे. कोण नेतंय ते बघू दे तिला."

"आणि नाहीच आली तर?"

वर भाऊजी दार धरून उभे होते. खालून गाडीचा हॉर्न एकदा वाजला, दबकत.

"बाळा," तिने मुलीच्या गालाला हात लावला. लावला तो काढला नाही. "ऊठ."

मुलीने डोळे उघडले. इतक्या जवळून तो चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. बराच वेळ बघत राहिली. मग कानावरची बोटं सुटली, ओठ मुडपले.

"आई," ती म्हणाली.

दोघीही तिथेच होत्या. कोणीच ओ दिली नाही.