आधीच मारलेली टिक

लाज वाटते म्हणूनच सांगतो. सबस्टेशनचं नाव विचारू नका. शिरूर तालुक्यातलं आहे, एवढं बस्स.

मी सत्यजीत, गाव राहू, काम रिले टेस्टिंगचं. तार तुटली की रिलेनं ओळखायचं आन् ब्रेकरनं लाइन बंद करायची. ते नीट चालतंय का, हे मी तपासतो. तपासताना गावाची लाइट जाऊ नये म्हणून दोघांच्या मधली एक छोटी लिंक उघडतात आन् शेवटी परत लावतात. माझी खोड अशी, की सकाळी चहा पितानाच रिपोर्टवरच्या सगळ्या टिका मारून मोकळा व्हायचो. ‘लिंक लावली’ याचीसुद्धा.

त्या दिवशी निघताना ऑपरेटर नागसेन म्हणाला, "साहेब, लिंक लावली न्हवं?"

वयानं माझ्यापेक्षा मोठा माणूस. मी म्हणालो, "तू मला शिकवणार व्हय? दहा वर्षं हेच करतोय!" आन् गाडीला किक मारली.

चौथ्या दिवशी तार तुटून तुळजाबाईंच्या गोठ्यापाशी पडली. रिलेचा लाल दिवा लागला, पण लाइन काही बंद झाली नाही. नागसेननं धावत जाऊन हातानं बंद केली म्हणून बाई वाचल्या. त्यांची म्हैस गेली.

चौकशीला मोठे साहेब माझा रिपोर्ट फडकवत म्हणाले, "यात टिक आहे. म्हणजे लिंक ऑपरेटरनंच नंतर उघडली." नागसेन कंत्राटी माणूस, उद्यापासून घरीच बसला असता. आन् मी? बुटांकडं बघत गप्प उभा. थू माझ्या जिनगानीवर!

नागसेन म्हणाला, "मी उघडली न्हाई, साहेब. पण हात लावून बघायला पायजे व्हतं. तेवढं चुकलं माझं."

माझ्याविरुद्ध एक शब्द नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टिक खोटी आहे, साहेब," मी कसंबसं म्हणालो. "कामाआधीच मारली होती. लिंक माझ्याकडनं उघडी राहिली."

माझं काम गेलं, त्याचं राहिलं. बाहेर आल्यावर मी त्याचे हात धरले. "नागसेनदादा, माफ करा."

"मला कशाला? तुळजाबाईंकडं जावा."

गेलो. ओसरीवर उभं राहून सगळं सांगितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाई आत गेल्या आन् चहाचा कप आणून पुढं ठेवला.

"घ्या. कोराच हाय," म्हणाल्या. "दूध न्हाई आता घरात."