तीन मीटरवर पंचवीस मिनिटं

मीनलने बाबांच्या पाठीला गुडघा टेकवला आणि पाण्याखाली घालायच्या ड्रायसूटची झिप जोर लावून ओढली. झिप एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत होती. ती स्वतःची स्वतःला लावता येत नसे.

"स्टक झाली, बाबा. मम्मी कशी करायची?"

"अशीच. वर मला शिव्या द्यायची," जयंत म्हणाला.

आशाला जाऊन चार महिने झाले होते. तिच्या या कामासाठी मीनल आज लंडनच्या ईलिंगहून सुट्टी घेऊन आली होती. समोर पाण्याने भरलेली जुनी दगडखाण होती. चौऱ्याण्णवचा मार्च, पाणी चार अंश. पुढच्या महिन्यात स्कॉटलंडला, बुडालेल्या एका जहाजावर उतरायचं होतं. त्याआधी इथे पन्नास मीटर खोलीचा सराव.

सिलिंडर पाठीवर चढवल्यावर, जयंतबरोबर पाण्यात उतरणाऱ्या उदयने नेहमीसारखी एकेक गोष्ट तपासली. व्हॉल्व्ह, गेज, दोन्ही टॉर्च. मग दोघांनी आपल्या प्लास्टिकच्या पाट्यांची अदलाबदल केली. वर येताना कुठे किती मिनिटं थांबायचं ते ज्याने त्याने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचायचं, अशी त्यांची पंधरा वर्षांची रीत. न थांबता वर आलं तर माणूस जगेलच असं नसतं.

जयंतच्या पाटीवर 'पन्नास मीटर' एवढंच होतं. खाली काही नव्हतं.

"वर येण्याचं कुठंय?" उदयने विचारलं.

"पाठ आहे."

"तुझं पाठ मला कसं वाचता येणार, लेका?" मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "जयंत, वर यायचंय ना?"

जयंत हातमोजे चढवत राहिला.

मीनलने उदयच्या हातातून पाटी घेतली. "ग्लव्हज काढू नका, बाबा. तुम्ही सांगा, मी लिहिते."

"बारा मीटर, तीन मिनिटं."

"हं."

"नऊला पाच. सहाला दहा." तो थांबला. "तीन मीटर, पंचवीस मिनिटं."

"ओके. आणि मग?"

मग वर, एवढंच सांगायचं होतं. जयंतने दोनदा तोंड उघडलं. मीनल पेन्सिल टेकवून त्याच्याकडे बघत होती.

"आज नको, उदय," तो म्हणाला.

 उदयने जयंतच्या मागे जाऊन आधी त्याचे सिलिंडर बंद केले, मग स्वतःचे.