वीसपट जवळ

चर्र, चर्र, चर्र. ओल्या भुकटीवर काच फिरत होती. मी ऐकलेला पहिला आवाज तोच. फार जुनी गोष्ट. एक बाई माझं भिंग उजेडात धरायची, मान हलवायची आणि पुन्हा चाकावर ठेवायची. तिला घाई नव्हती. मलाही पुढे कधी घाई जमली नाही.

मी एक दुर्बीण आहे. वीसपट जवळ दाखवणारी, दोन विटांएवढी जड. मत्रह बंदराच्या बाजारात जुमाच्या दुकानात मी तीन वर्षं कपाटात पडून होते. लोक मला डोळ्याला लावायचे, बंदरातली बोट थरथरताना बघून हसायचे आणि ठेवून द्यायचे. दोष बोटीचा नसायचा. मी लांबचं जितकं मोठं करते, तितकाच हाताचा कंपही मोठा करते.

मग एके सकाळी हुमैद बिन सुवैद आला. साठी उलटलेला, डोंगरातला रानराखणदार. तरुणपणी तो ताहरांची शिकार करायचा. ताहर म्हणजे कड्यावर राहणारी रानशेळी, तपकिरी अंगाची, तोंडावर काळा पट्टा असलेली. ताहर उरल्या थोड्या, तेव्हा जुन्या शिकाऱ्यांनाच राखणीवर नेमलं. त्या कुठे पाण्यावर येतात हे दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

जुमाने त्याच्यापुढे आठपटीची दुर्बीण ठेवली. “हीच घ्या, बाबा. हात हलला तरी चित्र फार हलत नाही, आणि आजूबाजूचंही दिसतं.”

“सगळ्यात लांबचं कुठली दाखवते?”

“ती वरची. पण गळ्यात उंट बांधून डोंगर चढणार का तुम्ही?”

“उंट माझा मी सांभाळीन. तू काढ तर.”

त्याने मला डोळ्याला लावलं आणि मला कळलं. त्याच्या बुबुळांवर धुकं उतरायला लागलं होतं. त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. म्हणून तो दुकानातली सगळ्यात जोरकस दुर्बीण मागत होता. धुकं मोठं केल्याने पातळ होत नाही, हे त्याला मी कसं सांगणार?

डोंगरावर त्याने माझ्यासाठी दगडांची रास रचली, वर मेंढीचं कातडं घातलं. माझ्यावर वाकून तो श्वास अर्धा सोडायचा आणि थांबायचा, जुन्या बंदुकीचा नेम धरावा तसा. तेवढ्या वेळात चित्र स्थिर व्हायचं. जोडीला त्याचा पुतण्या खलफान असायचा. चाळिशीचा, बोलका. कॉफीचा पेला हातात देताना म्हणायचा, “काका, काकूकडे तरी इतकी टक लावून बघितलंत का कधी?”

“ती पळून जात नाही रे.”

आमच्या दक्षिण कड्यावर एकच मादी उरली होती. त्या वसंतात तिला पाडस झालं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा दिसलं, त्या दिवशी हुमैद घरी जाऊन जेवला नाही, नुसता हसत बसला, असं खलफान सांगायचा. ती दोघं राहिली तर कडा नांदता राहणार होता.

उन्हाळ्यात झरा आटत आला. गावातून सुटून रानटी झालेल्या शेळ्या उरलंसुरलं पाणी घाण करू लागल्या. रानखात्याच्या साहेबांचा हुकूम आला की त्यांना बंदुकीने टिपा. पण एक नियम होता. दोन राखणदारांनी आपापल्या डोळ्यांनी बघायचं आणि दोघांनी जनावराचं नाव घ्यायचं, मगच चाप ओढायचा.

त्या दिवशी वर पोचायला उशीर झाला. ऊन चढलं होतं, दगडांवरची हवा उकळत होती. झऱ्याजवळ काहीतरी हललं. हुमैद माझ्यावर वाकला. माझ्या लहानशा गोलात एक पाठ होती आणि अर्धं शिंग, तेही पाण्याखाली असल्यासारखं लवलवणारं. पाडस चार हातांवर कपारीत बसलं होतं. ते माझ्या गोलाबाहेर राहिलं. आठपटीच्या दुर्बिणीत ते आलं असतं.

“शेळी,” हुमैद म्हणाला.

खलफानने बघितलं. “मला नीट कळत नाही, काका.”

“मी ताहर ओळखायला लागलो, तेव्हा तुझ्या आईचं लग्न व्हायचं होतं.”

आमच्या डोंगरात काकाचा शब्द पुतण्या पुन्हा तोलून बघत नाही. “तुम्ही म्हणता तर शेळी,” खलफान म्हणाला, आणि चाप त्याने ओढला.

जवळ गेलो तेव्हा मी हुमैदच्या गळ्यात होते. तिच्या तोंडावर काळा पट्टा होता. आचळ दुधाने भरलेले होते. पाडस कड्यावर चढून दिसेनासं झालं होतं.

“काका, हिच्यावर दगड रचू,” खलफान हळूच म्हणाला. “शेळी होती म्हणून सांगू. इथे आपण दोघंच आहोत.”

तिची मान थंड होईपर्यंत हुमैदने तिच्यावरचा तळवा काढला नाही. “तू दगड रच. सांगायचं ते मी सांगतो.”

त्याने साहेबांना सांगितलं की चूक आपली. पण डोळ्यांचं सांगितलं नाही. उन्हाची झळ होती, एवढंच म्हणाला. साहेब म्हणाले, पाडस गवत खायला लागलं असेल तर जगेल, शोधा त्याला.

आता मी खलफानकडे असते. माझ्या एका नळीवर पोचा आहे, पण भिंगं चांगली आहेत. कुणाला माझ्यासारखी घ्यायची असेल तर जरूर घ्यावी. आधी आपला हात बघावा, आपला डोळा बघावा, आणि टेकायला दगड आहे का ते बघावं. मी जवळ आणते. भोवतालचं मात्र माझ्याकडून सुटतं.

त्या पाडसाचा शोध सतरा सकाळी चालला. अठराव्या दिवशी पहाटेची हवा धुतल्यासारखी होती. खलफान माझ्यावरून उठला तो धापा टाकतच.

“काका, या. पाडस. उत्तरेकडच्या चार ताहरांत मिसळलंय. दुर्बिणीला हात लावू नका, नुसतं बघा.”

हुमैद गुडघ्यांवर बसला. पाडस दगड चाटत होतं. त्याच्या कानाची कड उन्हात लाल दिसत होती. इतकं स्थिर मी आयुष्यात काही धरलं नव्हतं. मग हुमैदचा डोळा माझ्या काचेशी आला. बुबुळ पांढुरकं झालं होतं.

“दिसलं?”

तो हो म्हणू शकला असता. खलफानने मानलंही असतं.

“कुठल्या अंगाला आहे?” हुमैदने विचारलं.

खलफानने काकाच्या पांढुरक्या डोळ्याकडे बघितलं. “मधोमध आहे, काका. अगदी मधोमध.”

हुमैद तसाच वाकून राहिला. मग उठला. खांद्यावरची बंदूक काढून त्याने खलफानच्या हातात दिली, अंगरख्याची धूळ झटकली आणि काठीने वाट चाचपत तो उतारावरून खाली निघून गेला.